सरळ दिसणारा डोळा : एका जुळ्या जोडीचं प्रकरण

केसपेपर एकाच मुलाच्या नावाचा होता. वय ४ वर्षं ३ महिने, तक्रार : 'डावा डोळा नाकाकडे जातो.' बरोबर आई, बाबा, आजी आणि जुळी बहीण. बहिणीला आणायचं कारण एवढंच, की घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून भावाची तपासणी बघत होती आणि त्याला चित्र ओळखायला जरा उशीर झाला की स्वतःच उत्तर सांगून मोकळी होत होती. दोन्ही डोळे अगदी सरळ. पहिला अर्धा तास मीसुद्धा तिच्याकडे पेशंटची बहीण म्हणूनच बघत होते.

हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते तिच्यामुळे. या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील इथे नाहीत.

आजींची तारीख, फोनमधली तारीख

तिरळेपणा कधीपासून आहे, यावर घरात दोन मतं होती. आजी ठाम होत्या : तीन वर्षांचा असताना कडक ताप आला, ताप उतरला तेव्हा डोळा वाकडा झालेला होता. आईच्या मनात वेगळंच होतं, पण ते ती आजींसमोर बोलली नाही. मुलाला पलीकडच्या खोलीत नेलं तेव्हा हळूच म्हणाली, "मॅडम, हा रडला की मी मोबाइल द्यायचे हातात. माझ्यामुळे तर नाही ना झालं?"

मी तिचा फोन मागून घेतला. तिरळेपणाची सुरुवात शोधायला घरच्यांच्या आठवणीपेक्षा फोटो बरे. फ्लॅशने काढलेल्या फोटोत मूल कॅमेऱ्याकडे बघत असेल तर प्रकाशाचा बारीक ठिपका दोन्ही बाहुल्यांच्या जवळजवळ मध्यावर, किंचित नाकाच्या बाजूला पडतो. डोळा आत वळलेला असेल तर त्या डोळ्यातला ठिपका कानाच्या बाजूला सरकतो. पहिल्या वाढदिवसाचा फोटो : दोन्ही ठिपके जागेवर. दुसऱ्या वाढदिवसाचा : जागेवर. अडीच वर्षांच्या सुमाराला, अगदी जवळून काढलेल्या एका फोटोत डावा ठिपका बाहेर सरकलेला होता. त्याच मिनिटात काढलेल्या पुढच्या फोटोत तो परत मध्यावर. म्हणजे ताप यायच्या पाच-सहा महिने आधीपासून डोळा अधूनमधून आत जात होता आणि मूल तो सावरूनही घेत होतं.

आजींचंही सगळंच चुकलं नव्हतं. कसाबसा ताळ्यावर ठेवलेला डोळा आजारपणात, थकव्यात सुटतो आणि मग सगळ्यांच्या नजरेत येतो. तापाने तिरळेपणा उघडा पाडला, जन्माला नाही घातला. आईला मी सांगितलं, की तुमचा मोबाइल यात आरोपी नाही. खरा आरोपी चौथ्या दिवशी सापडला.

त्या सगळ्या फोटोंमध्ये बहीणही होती. तिचे ठिपके प्रत्येक फोटोत मध्यावर. शोधण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी शोधलंही नाही.

मुलाची तपासणी

चित्रांच्या तक्त्यावर उजवा डोळा ६/९, डावा ६/२४ (६/६ म्हणजे पूर्ण नजर, खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं). उजवा डोळा झाकला की डावा झटक्याने सरळ होऊन समोर बघायचा, उघडला की परत आत. डोळा किती आत वळतो ते प्रिझमच्या काचा लावून मोजलं तर लांबचं बघताना ३० प्रिझम, जवळचं बघताना ३५. आईच्या सांगण्यावरून गेले आठेक महिने डोळा जवळपास सतत आत होता. या काळात त्यांनी एका डॉक्टरांना दाखवलं होतं. "सहा वर्षांचा होईपर्यंत थांबा, आपोआप जाईल," असं उत्तर मिळालं होतं. हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तान्ह्या बाळाचे डोळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून इकडेतिकडे भरकटतात, ते मात्र खरंच आपोआप ठीक होतं. चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल तर थांबायचं कारण उरत नाही. काही बाळांचा नाकाचा पूल रुंद असतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते आणि त्यामुळे सरळ डोळेही तिरळे भासतात. त्यातलं खरं कोणतं आणि भास कोणता, हे ठिपका बघून आणि डोळा झाकून ठरतं. वाट बघून ठरत नाही.

यानंतर अ‍ॅट्रोपिनचं मलम तीन दिवस, दिवसातून दोनदा, दोन्ही डोळ्यांत. लहान मुलाच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू इतका ताकदवान असतो, की प्लसचा मोठा नंबरही तो सहज लपवतो. अ‍ॅट्रोपिनने त्या स्नायूला झोपवल्याशिवाय काढलेला नंबर म्हणजे अंदाजच. चौथ्या दिवशी रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायची तपासणी केली : उजवा +५, डावा +६. दोन्ही डोळ्यांचे पडदे नीट बघितले. ते बघणं मी कधीच टाळत नाही, कारण मुलाच्या डोळ्यातला कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, बाहुलीतल्या पांढऱ्या चमकेखालोखाल तिरळेपणाच्याच रूपात समोर येतो. पडदे स्वच्छ होते.

निदान सोपं होतं. प्लसचा नंबर मोठा, धूसर दिसू नये म्हणून सतत जास्तीचा फोकस. आणि डोळ्यांची रचनाच अशी, की फोकस वाढवला की दोन्ही डोळे आत वळतात. जवळचं पुस्तक बघताना हीच जोडी आपल्या उपयोगी पडते. या मुलाला मात्र लांबचं बघायलासुद्धा एवढा जोर लावावा लागत होता, की एक डोळा आत गेल्याशिवाय दुसऱ्याला स्पष्ट दिसत नव्हतं. याला फोकसमुळे येणारा तिरळेपणा म्हणतात आणि तो बहुतेकदा दोन-तीन वर्षांच्या वयात सुरू होतो.

बाबांचा चष्मा आणि डिस्चार्ज कार्ड

खरं तर कुणी काही सांगायच्या आधीच एक खूण माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेली होती. बाबांच्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. मायनसच्या काचेतून डोळे बारीक दिसतात, प्लसच्या काचेतून मोठे. विचारल्यावर म्हणाले, "हो, लहानपणापासून आहे. आणि डावा तसा आधीपासूनच कमी आहे, पण त्याने काही अडत नाही." नंतर त्यांचेही डोळे तपासले : उजवा +३.५, डावा +६, आणि चष्मा लावूनही डाव्याने ६/३६. म्हणजे बाबांचा एक डोळा आळशी होता, लहानपणी स्पष्ट चित्र न मिळाल्याने मेंदू त्याने नीट बघायला शिकलाच नव्हता, आणि चाळिशीजवळ पोहोचेपर्यंत कुणी त्यांना ते नाव घेऊन सांगितलं नव्हतं. त्यामुळे घराण्यात कुणाला डोळ्यांचा त्रास आहे का, या प्रश्नाला त्यांनी सुरुवातीला अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणून उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारते : घरात कुणाला लहानपणी चष्मा लागला होता का, कुणाच्या डोळ्यावर पट्टी लावली होती का, कुणाला एका डोळ्याने कमी दिसतं का.

दुसरी खूण आईच्या पिशवीत होती, जन्मावेळच्या डिस्चार्ज कार्डावर. जुळी बाळं ३१ आठवड्यांची जन्मलेली. मुलाचं वजन १३८० ग्रॅम, मुलीचं १५२०. दोघंही २६ दिवस अतिदक्षता विभागात, सुरुवातीचे काही दिवस ऑक्सिजनवर. कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्याची जी तपासणी करतात ती दोघांची तीनदा झाली होती आणि तिसऱ्या वेळी 'पडद्याची वाढ पूर्ण, उपचारांची गरज नाही' अशी नोंद होती. त्याच्याच खाली, तारखेचा शिक्का अर्धा ज्याच्यावर चढलाय अशी आणखी एक ओळ : 'वर्षाचे झाल्यावर नंबर व तिरळेपणासाठी दाखवणे.'

ती ओळ कुणीच वाचली नव्हती. आईने वाचली नाही यात मला आश्चर्य वाटत नाही. कमी दिवसांची दोन बाळं घरी आणलेल्या बाईने कार्डावरचा वरचा शब्द वाचला : गरज नाही. पडदा वाचला म्हणजे डोळे सुटले, असा समज होतो. पडद्याचा आजार झाला नाही तरी कमी दिवसांच्या मुलांमध्ये मोठा नंबर, दोन डोळ्यांच्या नंबरात फरक आणि तिरळेपणा हे सगळं जास्त दिसतं. पूर्ण दिवसांची बहुतेक बाळंही थोड्या प्लस नंबरानेच जन्माला येतात आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांत डोळा वाढता वाढता तो नंबर खाली येतो. काही मुलांमध्ये ही घट पुरेशी होत नाही, आणि जन्मच वेळेआधी झाला की हा हिशेब चुकायची शक्यता वाढते.

तो कागद हातात असतानाच माझं लक्ष स्टुलाकडे गेलं. कार्डं दोन होती.

स्टुलावरची मुलगी

"तुला पण खेळायचंय का चित्रांचा खेळ?" विचारल्यावर ती उडी मारूनच आली. दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळ्या ओळी धाडधाड म्हणाली. बालवाडीत तपासणी झाली होती आणि ती 'पास' होती, असं आई म्हणाली. तीही अशीच झाली असणार, दोन्ही डोळे उघडे ठेवून. उजवा डोळा झाकला, तरी म्हणाली : डावा ६/९. मग डावा झाकला.

ती गप्प झाली. मग मान वळवून झाकणाच्या कडेवरून बघायला लागली. झाकण नीट धरलं तर माझा हात बाजूला ढकलला आणि म्हणाली, "असं नाही खेळायचं." चार वर्षांच्या मुलीकडून यापेक्षा स्पष्ट तक्रार मिळत नाही. एक डोळा झाकला तर मूल शांत राहतं आणि दुसरा झाकला की चिडतं, ही खूण घरीही दिसते. मोठी चित्रं दाखवत दाखवत शेवटी आकडा लागला : उजवा ६/३६.

दोन्ही डोळे सरळच होते. झाकून-उघडून बघितलं तरी कोणताही डोळा हलला नाही. फक्त अंधाऱ्या खोलीत दोन्ही बाहुल्यांवर एकदम प्रकाश टाकला तेव्हा उजव्या बाहुलीतली चमक डावीपेक्षा वेगळी दिसली. तिलाही अ‍ॅट्रोपिन दिलं. उजवा +४.५, डावा +१.२५.

आजी म्हणाल्या, "अहो, पण हिचा डोळा तर कध्धीच वाकडा नव्हता!"

एकाचा वळला, एकीचा का नाही

एकच गर्भारपण, तेच ३१ आठवडे, तेच बाबा. जुळे होते, पण एका बीजाचे नव्हते, त्यामुळे नंबर वारशाने मिळाला तरी त्याची वाटणी वेगळी झाली. मुलाच्या दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर. त्याला कोणत्याही डोळ्याने स्पष्ट बघायचं तर जोर लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्या जोराची किंमत तिरळेपणाने वसूल केली.

मुलीचा डावा डोळा जवळजवळ सामान्य होता. त्याला सव्वा नंबराचा फोकस चार वर्षांच्या वयात किरकोळ. पण फोकसचा हुकूम दोन्ही डोळ्यांना एकच जातो, उजव्याला वेगळा आणि डाव्याला वेगळा असं होत नाही. डावा स्पष्ट झाला की मेंदूचं काम भागतं, तिथेच तो थांबतो. उजव्याला आणखी सव्वातीन नंबराची गरज होती, ती कधीच पुरी झाली नाही. लांबचं बघा, जवळचं बघा, उजव्या डोळ्यातून जन्मापासून धूसरच चित्र जात राहिलं. जास्तीचा जोर लागलाच नाही, म्हणून डोळा वळलाही नाही. म्हणून घरच्यांना, बालवाडीला, फोनला आणि पहिल्या अर्ध्या तासात मलाही काही दिसलं नाही.

धूसर चित्राने नजर का जाते, हे समजायला ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूसंशोधकांच्या १९६० च्या दशकातल्या कामाकडे जावं लागतं. मांजरीच्या पिल्लाची एक पापणी सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवली तर डोळा स्वतः धडधाकट राहूनही मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देणं जवळजवळ थांबवतात. मोठ्या मांजरीची पापणी तशीच बंद ठेवली तर हे घडत नाही. या कामाचा वाटा असलेलं नोबेल पारितोषिक त्यांना १९८१ मध्ये मिळालं. माणसाच्या मुलात ही खिडकी आठवड्यांची नसून वर्षांची असते. ती हळूहळू मिटत जाते, म्हणून सुरुवातीच्या वर्षांना भाव. वडिलांच्या डाव्या डोळ्याच्या बाबतीत ती कधीच मिटली होती.

'आळशी डोळा' हे नाव मला आवडत नाही, पण तेच रूढ आहे. बाबांनी मुलीला त्याच संध्याकाळी घरी "तुझा डोळा आळशी झालाय, त्याला कामाला लाव" असं सांगितलं आणि पुढचे दोन दिवस ती उजवा डोळा जोरात मिचकावत राहिली. नाव बदलता येत नाही, पण मुलांसमोर ते वापरू नये असं मी आता सांगते.

जोखीम कशी वाचायची

अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसर आणि बाल्टिमोर इथे ६ ते ७२ महिन्यांच्या मुलांचे दोन मोठे अभ्यास झाले. दवाखान्यात आलेली नव्हे, वस्तीतली मुलं निवडून तपासलेली. त्यांची एकत्रित आकडेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, जवळपास दहा हजार मुलांची. डोळा आत वळण्याशी जोडलेल्या गोष्टी त्यात अशा निघाल्या : ३३ आठवड्यांच्या आत जन्म, आईचं गरोदरपणातलं धूम्रपान, चार ते सहा वर्षांचं वय, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक आणि प्लसचा नंबर. डोळा बाहेर वळण्याची यादी थोडी वेगळी आहे. कमी दिवस आणि धूम्रपान तिथेही आहेत, पण प्लस नंबराऐवजी सिलिंडरचा नंबर, घरात तिरळेपणा असणं आणि मुलगी असणं या गोष्टी पुढे येतात.

यातला प्लस नंबराचा आकडा माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. नंबर नसल्यासारख्याच मुलांशी तुलना केली तर +२ ते +३ या पट्ट्यातल्या मुलांमध्ये डोळा आत वळण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर सुमारे साडेसहा होतं, आणि +५ किंवा त्याहून जास्त नंबर असलेल्यांमध्ये १२२. बाकी कोणतीही गोष्ट याच्या जवळपास येत नाही. आमचा मुलगा शेवटच्या पट्ट्यातला. पण नंबर ही अशी जोखीम आहे, जी मोजल्याशिवाय कळत नाही. कमी दिवस, बाबांचा जाड चष्मा या गोष्टी कागदावर आणि चेहऱ्यावर दिसतात आणि त्यांचा खरा उपयोग एवढाच : कुणाचा नंबर आधी मोजायचा हे त्या सांगतात.

आकड्याची दुसरी बाजूही आईला समजावून सांगावी लागली, कारण ती रडायला लागली होती. कमी दिवसांच्या बहुतेक मुलांचे डोळे वळत नाहीत. तिरळेपणा साधारण शंभरात दोन ते चार मुलांना होतो, आळशी डोळाही साधारण तेवढ्यांनाच, आणि या मुलांमधली पुष्कळशी पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची, घराण्यात काहीही नसलेली असतात. म्हणून जोखीम नाही म्हणून तपासणी नाही, हेही चालत नाही. अमेरिकेतला प्रतिबंधक आरोग्यसेवेचा शासकीय सल्ला तीन ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाची नजर किमान एकदा तपासावी, असाच आहे. मात्र जोखमीच्या मुलांनी त्या तिसऱ्या वर्षाचीही वाट बघू नये. कार्डावरची ती ओळ नेमकी यासाठीच होती.

धूम्रपानाचा प्रश्न मी आईला एकटीला विचारला. घरच्यांसमोर त्याचं उत्तर नेहमी एकच येतं. तिचं उत्तर 'नाही' होतं, आणि ते खरं वाटलं. मेंदूच्या वाढीचे आजार, डाउन सिंड्रोम, अर्धी मिटलेली पापणी, मोतीबिंदू यांपैकी दोघांनाही काही नव्हतं.

चष्मा, पट्टी आणि कॅलेंडर

मुलाला पूर्ण नंबर दिला, +५ आणि +६. मुलीचा डोळा वळत नसल्याने दोन्ही डोळ्यांतून सारखाच अर्धा नंबर कमी केला : +४ आणि +०.७५. तिच्या दोन डोळ्यांतला फरक जसाच्या तसा ठेवणं महत्त्वाचं, कारण तोच तिचा आजार. चष्मे अ‍ॅट्रोपिनचा अंमल उतरायच्या आत हातात पडतील अशी घाई केली. स्नायू झोपलेला असतो तेव्हा चष्म्याशिवाय धूसर दिसतं, म्हणून मूल चष्मा काढत नाही. अंमल उतरल्यावर तोच चष्मा दिला तर पहिले आठ दिवस भांडणात जातात.

बाबांचा आक्षेप होता, "एवढा नंबर एकदम लावला तर डोळ्यांना सवय लागेल, कायमचा राहील." मी त्यांना त्यांचाच डावा डोळा झाकून-उघडून बघायला सांगितलं. चष्मा न लावल्याने नंबर गेला नव्हता, नजर गेली होती.

सहा आठवड्यांनी मुलगा चष्म्यात सरळ, चष्मा काढला की आत. हे बघून आई खूश आणि आजी नाराज : "म्हणजे बरा नाही झाला, चष्म्यापुरताच!" ऑपरेशनने एकदाचं सरळ करून टाका, हा आग्रह इथेच सुरू होतो. फोकसमुळे वळणारा डोळा चष्म्याने पूर्ण सरळ होत असेल तर त्यावर ऑपरेशन नसतं. स्नायू कापून नंबर जात नाही, आणि पुढे डोळा उलट बाहेर वळायची भीती असते. चष्म्यातही बराच कोन उरला असता तर तेवढ्यासाठी ऑपरेशनचा विचार केला असता.

चौदा आठवड्यांनी, पट्टीशिवाय, नुसत्या चष्म्यावर मुलाचा डावा ६/२४ वरून ६/१२ वर आला. मुलीचा उजवा ६/३६ वरून ६/२४. नुसत्या चष्म्याने एवढा फायदा होतो, हे आमच्या शाखेनेही उशिरा मान्य केलं. २००६ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात नंबरातल्या फरकामुळे आळशी झालेले साधारण चौथा हिस्सा डोळे फक्त चष्म्यावर पूर्ववत झाले. म्हणून चष्म्याची सुधारणा थांबेपर्यंत पट्टी न लावता थांबणं परवडतं.

मग पट्टी, दोघांनाही दिवसाला दोन तास, चांगल्या डोळ्यावर. मध्यम प्रतीच्या आळशी डोळ्याला दोन तास आणि सहा तास यांचा निकाल सारखाच लागतो, हे २००३ मध्येच स्पष्ट झालंय. तरी "जास्त लावली तर लवकर बरं होईल ना?" हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो.

मुलगा चार महिन्यांत ६/९ वर आला. मुलगी ६/१८ वर अडकली. आईने आणलेल्या कॅलेंडरवर रोज बरोबरची खूण होती, एकही दिवस चुकलेला नव्हता. मी "लावता का?" असं न विचारता "काल किती वाजता लावली आणि किती वाजता काढली?" असं विचारलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. खूण पट्टी लावताना होत होती, काढताना नाही. भाऊ आपली पट्टी काढून पळाला की बहीणही काढायची, आणि त्याआधीचा निम्मा वेळ ती पट्टीच्या नाकाकडच्या फटीतून डाव्यानेच बघायची. आम्ही हिशेब मांडला : दोन तासांतले जेमतेम चाळीस मिनिटं. ब्रिटनमध्ये पट्टीत मोजणी यंत्र बसवून केलेल्या अभ्यासातही मुलांना सांगितलेल्या वेळेच्या निम्मीच पट्टी मिळत होती, तेव्हा या आईला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पट्टी बंद केली आणि शनिवार-रविवार डाव्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचा एकेक थेंब सुरू केला. डाव्याचा फोकस सुटतो, जवळचं त्याला धूसर दिसतं, मग चित्र काढायला आणि पुस्तक बघायला मेंदू नाइलाजाने उजव्याकडे वळतो. मध्यम आळशीपणात पट्टी आणि अ‍ॅट्रोपिन यांचा सहा महिन्यांनंतरचा निकाल जवळपास सारखा आहे. थेंबाला फट नसते. चार महिन्यांत ६/१२, आणखी तीन महिन्यांत ६/९.

थेंब थांबवले. पाच महिन्यांनी उजवा परत ६/१२. यश मिळालं म्हणून पुढची तारीख लांबची देण्याची चूक इथे माझी. उपचार थांबल्यावर पहिल्या वर्षात साधारण चारातला एक डोळा मागे सरकतो, आणि ही मुलगी कोणत्या बाजूला जाईल हे आधी कळायला मार्ग नव्हता. दोन महिन्यांनी बोलावलं असतं तर कदाचित तेव्हाच सापडलं असतं. पुन्हा पट्टी सुरू केली, यावेळी भाऊ घरात नसताना आणि घड्याळ लावून.

शेवटची नोंद

वय ६ वर्षं ४ महिने. मुलगा चष्म्यासह दोन्ही डोळ्यांनी ६/६, चष्म्यात डोळे सरळ, चष्म्याविना डावा आत. खोलीची जाणीव, म्हणजे दोन्ही डोळे मिळून अंतर ओळखण्याची नजर, ४०० सेकंदांपर्यंतच (हे कोनाचे सेकंद, आकडा जितका लहान तितकी ही नजर चांगली). आठ महिने डोळा सतत आत राहिला, तेव्हाची ही वजाबाकी भरून येईल असं वाटत नाही. मुलगी उजवा ६/९, डावा ६/६, खोली १०० सेकंद : तिचे डोळे कधीच वळले नव्हते, म्हणून कमजोर डोळा असूनही ती यात भावाच्या पुढे. मुलीची पट्टी आठवड्याला अर्ध्या तासाने कमी करत नेणे. दोघांनाही तीन महिन्यांनी दाखवणे.

जाताना बाबा दाराशी थांबले. त्यांच्या धाकट्या भावाला मूल झालंय, पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं, डोळे सरळ. "त्याला आणायचं का?" मी विचारलं, तुमच्या भावाला चष्मा आहे का? म्हणाले, आहे ना, माझ्यासारखाच, डोळे मोठे दिसतात. बाळ नऊ महिन्यांचं आहे. पुढच्या आठवड्यातली वेळ दिली आहे.